धरायचा, मोजायचा आणि सोडून द्यायचा

पहाटे चारला उठायचं, थर्मासमध्ये चहा भरून अंधारात गाडी काढायची, दिवसभर नदीत बोट नांगरून बसायचं, माणसापेक्षा लांब मासा गळाला लावायचा, आणि तो हाताशी आला की त्याची मापं घेऊन त्याला पुन्हा पाण्यात सोडायचं. मग घरी येऊन वरणभात खायचा. माझ्या दादीला हे सांगितलं असतं तर तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना, हे पाहिलं असतं.

आमचं गाव सावित्रीच्या खाडीकाठचं. खाडीवर वाढलेल्या पोराला गरवायला कुणी शिकवावं लागत नाही. गरी, तंगूस, शिशाचा गोळा आणि आमिषाला कोळंबी एवढा सरंजाम असला की आम्ही धक्क्यावर बसायला मोकळे. शिंगाळा हमखास लागायचा. जिताडा लागला तर त्या दिवशी शेजारीपाजारीही आमच्याच घरी जेवायला. दादीचा या बाबतीत एकच नियम होता, ‘खायचा नसेल तर धरू नकोस.’ लहान मासे आम्ही खेळायला म्हणून बाटलीत भरून आणले की ती आल्या पावली परत खाडीवर पाठवायची. अल्लानं दिलेला जीव तुझ्या करमणुकीसाठी नाही, एवढंच म्हणायची आणि पुढचे दोन तास माझ्याशी बोलायची नाही.

हा नियम मनात घेऊनच २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मी कॅनडाच्या पश्चिम टोकाला, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गेलो. व्हँकूवरच्या शेजारी सरे नावाचं शहर आहे. तिथं माझा कॉलेजातला वर्गमित्र गेली पस्तीस वर्षं राहतो. आम्ही दोघं एकाच वर्षी बी. ए. झालो. मी कवितेच्या नादी लागलो, तो माशांच्या. फोनवर तो नेहमी एका माशाबद्दल बोलायचा. ‘अरे, एकदा ये आणि बघ. मासा नाही तो, मागच्या युगातून चुकून इथं राहिलेला कुणीतरी आहे.’ मी म्हणायचो, खायला कसा लागतो ते सांग. तो म्हणायचा, खायचा नसतो.

त्या माशाचं नाव स्टर्जन. फ्रेझर नदीत राहतो तो पांढरा स्टर्जन. तसा तो पांढरा नसतो, राखाडी असतो, पोटाकडे फिकट. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यात एवढा मोठा मासा दुसरा नाही. सहा मीटर लांबीच्या आणि सहाशे किलोहून जास्त वजनाच्या माशांच्या जुन्या नोंदी आहेत. आयुष्य शंभर वर्षांच्या पुढे जाऊ शकतं. टिळक मंडालेहून सुटून पुण्याला परतले ते १९१४ साली. त्या सुमारास अंड्यातून बाहेर पडलेला एखादा स्टर्जन आजही या नदीच्या तळाशी फिरत असणं अशक्य नाही.

दिसायला तो विचित्रच. त्याचं घराणं डायनासोरांच्या काळातलं आणि रूप तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. सांगाडा बराचसा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानात असते तशा मऊ हाडाचा. अंगावर नेहमीचे खवले नाहीत. पाठीवर आणि दोन्ही कुशींवर हाडांच्या लहान लहान ढालींच्या पाच रांगा असतात. लहान वयात या ढाली इतक्या धारदार असतात की हात कापतो. म्हातारपणी त्या झिजून गुळगुळीत होतात. शेपटी शार्कसारखी, वरचा भाग लांब, खालचा आखूड. तोंड खालच्या बाजूला, त्यात एकही दात नाही. तोंडापुढे चार मिशा. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, म्हणून मिशांनी तळ चाचपायचा आणि खाणं सापडलं की तोंडाची नळी पुढे काढून ते ओढून घ्यायचं. आमच्या शिंगाळ्याचा हा दूरदेशीचा आजोबाच वाटावा, पण नातं काही नाही.

त्या खवल्यांवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. शिया पंथाच्या धर्मशास्त्राप्रमाणे खवले नसलेला मासा खाण्यास निषिद्ध. आता इराणच्या उत्तरेला कॅस्पियन समुद्र, त्यात जगातले सर्वांत महागडे स्टर्जन, आणि त्यांची अंडी म्हणजे कॅव्हियार. इराणच्या क्रांतीनंतर प्रश्न आला की हा मासा हलाल की हराम? धर्मपंडित आणि मत्स्यतज्ज्ञ एकत्र बसले, मासा उलटसुलट करून तपासला आणि शेपटीच्या भागात त्यांना शंकरपाळ्याच्या आकाराचे खवले आढळले. १९८३ साली आयातुल्ला खोमेनींनी तो खायला मुभा दिली. आम्ही कोकणातले शाफई, आमच्यात पाण्यातल्या माशाबद्दल असा वाद नाही. पण एका राष्ट्राचं पंडितमंडळ माशाच्या शेपटीवर भिंग घेऊन वाकलेलं आहे, हे दृश्य मला कवी म्हणून फार आवडतं.

कॅव्हियारनंच स्टर्जनचा घात केला. अंडी काढायची तर बहुतेक वेळा मादी मारावी लागते. आणि मादी पहिल्यांदा अंडी घालते तीच मुळी वीस-पंचवीस वर्षांची झाल्यावर. त्यानंतरही दरवर्षी घालत नाही, मध्ये चार वर्षं, कधी त्याहून जास्त वर्षं जातात. कोंबडी मारली तर सहा महिन्यांत दुसरी उभी राहते. स्टर्जनची मादी मारली तर तिची जागा भरायला माणसाची एक पिढी जावी लागते.

फ्रेझर नदीवर हेच झालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं व्यापारी मासेमारी सुरू झाली आणि १८९७ या एका वर्षात सुमारे पाचशे टन स्टर्जन काढले गेले. पुढच्या आठ-दहा वर्षांत धंदाच बसला, कारण मासे उरले नाहीत. उरले ते कसेबसे टिकून राहिले. याचं एक मोठं कारण असं की फ्रेझरच्या मुख्य प्रवाहावर आजपर्यंत एकही धरण झालेलं नाही. रॉकी पर्वतात उगम पावून सुमारे १३७५ किलोमीटर, म्हणजे आपल्या गोदावरीहून थोडं कमी, वाहत ही नदी मोकळी समुद्राला मिळते. तिची एक उपनदी आहे नेचाको. तिच्यावर १९५० च्या दशकात धरण झालं. तिथले मोठे स्टर्जन जिवंत राहिले, अंडीही घालत राहिले, पण १९६० च्या दशकापासून पिल्लं जगेनाशी झाली. आता तिथं पिल्लं हौदात वाढवून नदीत सोडावी लागतात.

खालच्या फ्रेझरमध्ये १९९३-९४ साली एक प्रकार घडला. तीसहून अधिक मोठमोठे स्टर्जन मेलेले, किनाऱ्याला लागलेले सापडले. कारण नीटसं कळलं नाही. लोक मात्र हादरले. १९९४ पासून फ्रेझरमधला स्टर्जन मारणं आणि घरी नेणं बंद झालं. नदीकाठच्या आदिवासी समाजांनीही आपणहून हात आखडता घेतला. १९९७ मध्ये फ्रेझर नदी स्टर्जन संरक्षण संस्था स्थापन झाली. चाकाच्या खुर्चीतून जगप्रवास केलेले कॅनडाचे प्रसिद्ध क्रीडापटू रिक हॅन्सन यांचा त्यात पुढाकार होता. आणि पुढे एक वेगळीच कल्पना निघाली. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांना नदीवरून हाकलायचं नाही, त्यांनाच मोजणीच्या कामाला लावायचं. गळ टाका, मासा धरा, पण धरलात तर त्याची नोंद करा आणि त्याला सोडा. माझा मित्र या कामातला स्वयंसेवक.

तर आम्ही तिघं निघालो. मी, मित्र, आणि त्याचा पंजाबी दोस्त. या दोस्ताला सगळे पाजी म्हणत. सत्तरी ओलांडलेला माणूस. लाकूड कापायच्या गिरणीत तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला. बोट त्याची. चिलिवॅक गावाजवळ आम्ही ती पाण्यात लोटली. पाणी राखाडी, हिमनद्यांनी दळलेल्या दगडाच्या पिठानं गढूळ झालेलं. दक्षिणेला दूर माउंट बेकरचा बर्फाचा घुमट. विषम वर्षी या नदीत गुलाबी सामन मासे लाखोंच्या संख्येनं समुद्रातून वर चढतात. २०२३ हे तसंच वर्ष होतं. जिकडे पाहावं तिकडे पाणी उकळल्यासारखं हलत होतं.

आमिष म्हणून सामनची अंडी. ती सुटी टिकत नाहीत, म्हणून बायकांच्या नायलॉनच्या पायमोज्याच्या तुकड्यात बांधून त्यांची लिंबाएवढी पुरचुंडी करतात. पाजींच्या बोटांना ते इतकं सवयीचं होतं की आमची शेजारीण मोदकाच्या कळ्या पाडायची, तिची आठवण झाली. गरी एकच, आणि तिला उलटा दात नाही. गरीच्या टोकाजवळ आतल्या बाजूला जो दात असतो त्यामुळे मासा सुटत नाही आणि गरी काढताना तोंड फाटतं. तो दात असलेली गरी इथं चालत नाही. तंगूस जाड, शंभर रत्तलांचा ताण सोसणारी. लहानपणी मला वाटायचं की जाड दोरी म्हणजे माशाशी बेइमानी, बारीक दोरीवर मोठा मासा खेळवण्यात खरी मर्दुमकी. इथं मित्रानं ते उलटं समजावलं. दोरी बारीक असली की मासा दमवावा लागतो, झुंज लांबते. झुंज लांबली की माशाच्या रक्तात आम्ल साठतं, आणि पाणी उबदार असेल तर त्याला त्यातून सावरणं जड जातं. म्हणून दोरी जाड घ्यायची आणि काम लवकर आटपायचं. उन्हाळ्यात पाणी फार तापलं की हे दोघं बोट बाहेरच काढत नाहीत. अंडी घालायच्या दिवसांत, साधारण मे ते जुलै, नदीचे काही पट्टे तर कायद्यानंच बंद असतात.

चार तास काही घडलं नाही. मासेमारीवर लिहिणारे लोक या चार तासांबद्दल फार सुंदर लिहितात. मला थंडी वाजत होती आणि लघवीला लागली होती.

मग एका काठीचं टोक हललं. शिंगाळा ओढतो तसं नाही. कुणीतरी दारावर एका बोटानं टिचकी मारावी तसं, दोनदा. पाजींनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. मग टोक सावकाश खाली वाकलं, वाकतच राहिलं. पाजींनी काठी खोबणीतून उपसली, एक हिसका दिला आणि ती सरळ माझ्या हातात कोंबली.

मी ती घ्यायची नाही असं ठरवून आलो होतो. बघायला आलोय, धरायला नाही, असं मित्राला आदल्या रात्री बजावलंही होतं. पण हातात जिवंत काठी आली की खाडीवरचं पोर जागं होतं. मी पाय रोवले. रीळ ओरडू लागलं. शंभरेक मीटर दोरी गेली, आणि तिकडे पाण्यातून तो मासा उभाच्या उभा बाहेर आला. अख्खा. शेपटीसकट. एवढं मोठं जनावर हवेत एक क्षण थांबल्यासारखं दिसलं आणि आडवं पडलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी काय ओरडलो मला आठवत नाही. मित्र सांगतो की दादीच्या नावानं ओरडलो.

तीस-पस्तीस मिनिटं गेली. शेवटी त्याला उथळ पाण्यात, वाळूच्या दांड्याजवळ आणलं. मोठा स्टर्जन पाण्याबाहेर उचलायचा नसतो. त्याच्या आतल्या अवयवांना पाण्याचा आधार लागतो, हवेत धरला की स्वतःच्या वजनानंच त्याला इजा होते. म्हणून आम्हीच रबरी विजारी चढवून कमरभर पाण्यात उतरलो. मी त्याच्या डोक्याखाली हात धरले. कातडी सहाणेसारखी. डोळा अगदी लहान, पिवळसर, शांत. गरी जिभेच्या चिमट्यासारख्या पकडीनं एका क्षणात निघाली.

तेव्हा मला त्याचं तोंड जवळून दिसलं. वरच्या ओठाशी दोन जुने व्रण होते, एक बरा भरून आलेला, एक वेडावाकडा. म्हणजे मी पहिला नव्हतो.

मित्रानं एक यंत्र माशाच्या डोक्यामागे फिरवलं. पीप असा आवाज आला आणि पडद्यावर एक लांबलचक क्रमांक उमटला. तांदळाच्या दाण्याएवढी एक काचेची कुपी सुईनं माशाच्या कातडीखाली सोडलेली असते. तिच्यात बॅटरी नाही. यंत्र जवळ नेलं की ती फक्त आपला क्रमांक सांगते. जन्मभर पुरते. ज्या माशाच्या अंगात अशी कुपी नसेल त्याला ती टोचायची, ज्याच्या अंगात असेल त्याचा क्रमांक लिहून घ्यायचा. मग टेपनं नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत लांबी, पुढच्या परांच्या मागून घेर, ठिकाण, जखमा. लांबी भरली २ मीटर १४ सेंटिमीटर. नर की मादी हे बाहेरून कळत नाही. पाजींनी तरी तिला मावशी म्हणायला सुरुवात केली होती. मित्रानं वहीत लिहिलं, मग मला म्हणाला, ‘आता हिला तोंड प्रवाहाकडे करून धर. घाई करू नकोस. ती सांगेल.’

मी शेपटीचं मूळ धरून उभा राहिलो. कल्ले उघडत मिटत होते. तीन मिनिटं, चार मिनिटं. पाय बधिर झाले. मग शेपटी एकदाच हलली, मला ढकलून गेली, आणि त्या राखाडी पाण्यात काही उरलं नाही.

परतीच्या वाटेवर मी गप्प होतो. मित्रानं विचारलं तसं बोललो. म्हटलं, ‘अरे, हे मला पटलं नाही. तिला अर्धा तास जिवाच्या आकांतानं पळायला लावलं, ते कशासाठी? मला मजा आली म्हणून? खाल्ली असती तर निदान कारण तरी होतं.’

तो म्हणाला, ‘हे बोलणारा तू पहिला नाहीस. नदीकाठचे आदिवासी हेच म्हणतात.’ फ्रेझरच्या या पट्ट्यात स्तोलो लोक हजारो वर्षं राहताहेत. स्टर्जन त्यांचं अन्न होतं, आणि नुसतं अन्नही नव्हतं, त्याच्याशी त्यांचं नातं होतं. त्या भागातल्या अनेक आदिवासी समाजांत हौशी गळवाल्यांबद्दल एक तक्रार ऐकू येते, की ही माणसं अन्नाशी खेळतात. ऐकलं आणि मी गाडीत सरळ होऊन बसलो. सावित्रीच्या खाडीवरची म्हातारी आणि प्रशांत महासागराकाठची माणसं एकच वाक्य बोलत होती.

‘पण आता दुसरी बाजू ऐक,’ मित्र म्हणाला. ‘या मोजणीतून काय कळलं ते सांगतो. नदीवर विचारशील तर प्रत्येक जण सांगेल की मासे भरपूर आहेत, रोज मोठमोठे लागतात. आणि ते खरं आहे. पण वह्या जमवून पाहिल्या तर दिसतं की लहान मासे वर्षागणिक कमी होताहेत. मीटरभराच्या आतले. पंधरा-वीस वर्षं हेच चाललंय.’

मला कोकणातलं आमचं गाव दिसलं. घरं उघडी आहेत, मशिदीत जमात भरते, रस्त्यावर माणसं भेटतात. गाव भरलेलं वाटतं. नीट पाहिलं तर सगळी साठीच्या पुढची, पोरं मुंबईला नाहीतर आखातात. शंभर वर्षं जगणाऱ्या प्राण्याचं हेच कठीण आहे. त्याची म्हातारी माणसंच इतकी वर्षं पुरतात की वंश खुंटत आल्याचं कुणाला कळत नाही. कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

लहान मासे का कमी झाले, याची कारणं तज्ज्ञ अनेक सांगतात. सामनसाठी लावलेल्या जाळ्यांत स्टर्जन अडकतात. अंडी घालायच्या जागांजवळ वाळू-गोटे उपसले जातात. यूलाकन नावाचा वीतभर लांबीचा तेलकट मासा वसंतात नदीत चढायचा, तो स्टर्जनचा हिवाळ्यानंतरचा पहिला पोटभर घास. तोही फार रोडावला आहे. नदीकाठचे पाणथळ भाग बांध घालून शेतीला घेतले गेले. सुमास नावाचं एक मोठं तळंच १९२४ पर्यंत उपसून कोरडं केलं गेलं. त्यात स्टर्जन असत. आज तिथं शेती आणि गुरांचे गोठे आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये महापूर आला तेव्हा ते तळं काही आठवडे आपल्या जुन्या जागी परत येऊन बसलं होतं.

पाजी इतका वेळ गाडी चालवत होते. ते मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले की १९८० च्या दशकात, बंदीच्या आधी, ठरावीक लांबीचा मासा घरी न्यायला परवानगी होती, तेव्हा त्यांनी एक नेला होता. गल्लीतल्या बारा घरांना वाटला. मी विचारलं, चव कशी? ‘मुर्गी जैसी,’ म्हणाले, आणि थोड्या वेळानं म्हणाले, ‘उमर पता नहीं थी जी. किसी ने बताया ही नहीं कि वो मुझसे बड़ी हो सकती है.’

सोडलेला मासा जगतो का, हा प्रश्न मी मग बरेच दिवस धरून बसलो. थोडं वाचलं. नियम पाळून सोडलेले स्टर्जन लगेच मरण्याचं प्रमाण फार कमी आहे. पण लगेच न मरणं वेगळं आणि धड असणं वेगळं. लांब झुंजीनं त्याच्या शरीरावर ताण येतो हे मोजून सिद्ध झालेलं आहे. तोच मासा पुन्हा पुन्हा धरला गेला तर त्याच्या तोंडाला इजा साठत जाते, खाणं ओढून घ्यायच्या त्या नळीलाच. आणि अंडी घालायला निघालेल्या मादीवर या सगळ्याचा काय परिणाम होतो, ही काळजी तिथल्या शास्त्रज्ञांनाही आहे. मित्राच्या उत्साहात हा भाग जरा झाकला जातो, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. नदीवर बोटी वाढल्यात, परदेशातून फोटो काढायला येणारे वाढलेत. त्यातले सगळे काही वही घेऊन येत नाहीत. धरणाऱ्यांची संख्या ठरवून द्यावी, असं माझं मत. तो म्हणाला, ‘त्यावर इथंही भांडणं चालू आहेत.’

तरीही वहीचं महत्त्व मला नाकारता येत नाही, आणि त्याला कारण आपल्याच देशातलं आहे. कर्नाटकात कावेरीच्या काठी महासीरसाठी अशाच धरून सोडण्याच्या छावण्या होत्या. तिथला मोठा, पाठीवर कुबड असलेला महासीर जगभर प्रसिद्ध. अभयारण्यातली ही गळमासेमारी २०१२ मध्ये थांबली. नंतर संशोधकांनी एका छावणीतल्या १९९८ ते २०१२ पर्यंतच्या नोंदी चाळल्या, तेव्हा दिसलं की एकूण महासीर वाढलेले आहेत, पण ते बाहेरून आणून सोडलेले निळ्या परांचे. तशा महासीरची पैदास आपल्या लोणावळ्यालाही होते. कावेरीचा स्वतःचा कुबडवाला मात्र नोंदींतून जवळजवळ पुसला गेला होता. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. नाव मिळालं तेव्हा मासा जवळपास संपलेला. गळ टाकणाऱ्यांनी वह्या ठेवल्या नसत्या तर एवढंही कळलं नसतं. सरकारी दफ्तरात त्याची मोजदाद नव्हतीच.

२०२२ साली जगातल्या उरलेल्या सगळ्या, म्हणजे सव्वीसच्या सव्वीस, जातींच्या स्टर्जनना धोका असल्याचं जाहीर झालं. चीनच्या यांगत्से नदीतला स्टर्जन तर निसर्गातून गेल्याचंच तेव्हा जाहीर झालं. ही सगळी माहिती माझ्यासमोर आहे आणि दादीचं वाक्यही. दोन्ही मला खरी वाटतात. मी पुन्हा फ्रेझरवर गेलो तर काठी हातात घेईन का, हे विचारलंत तर आज उत्तर नाही. टेप मात्र धरीन. कमरभर पाण्यात उभं राहून कुणीतरी ती धरावी लागते.

मी मुंबईला परतल्यावर महिन्याभरानं मित्राची ई-मेल आली. आमच्या मावशीचा इतिहास त्यानं मिळवला होता. तिला कुपी टोचली होती २००४ साली, तेव्हा लांबी १ मीटर ६८. म्हणजे एकोणीस वर्षांत सेहेचाळीस सेंटिमीटर, वर्षाला अडीच सेंटिमीटरही नाही. मधल्या काळात ती पाच वेळा नोंदली गेली होती. दोनदा चिलिवॅकजवळ, दोनदा हॅरिसन नदी फ्रेझरला मिळते तिथं, एकदा पार खाली मिशन गावाशी, जिथं समुद्राच्या भरतीचा फुगवटा पोचतो. आमची सहावी. मी ती यादी वहीत उतरवून घेतली, तारखांसकट.

पुढच्या वर्षी मे महिन्यात दुसरी ई-मेल आली, एका ओळीची. मिशनच्या खाली कुणा अनोळखी माणसाच्या गळाला ती लागली होती. लांबी २ मीटर १५. ओठाशी तिसरा व्रण होता. तो माझा.